एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेक: उंचीची तयारी, धोके आणि मुक्कामांचा हिशेब

डोंगरवाट

दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना धरून एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं ठरवणाऱ्यांसाठी हा धागा. बूट-जॅकेटची चर्चा खाली होईलच, पण त्याआधी आपला कार्यक्रम तपासा. या वाटेवर धडधाकट माणसं आजारी पडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा कार्यक्रमातून गाळलेला एखादा मुक्काम असतो.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कुठेही गेलं तरी सुमारे २१ टक्केच राहतं. कमी होतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पच्या ५३६४ मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. शरीर जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात आणि व्यायाम केला म्हणून ते दिवस वाचत नाहीत. कळसूबाई १६४६ मीटर. सह्याद्रीत पाय, फुप्फुसं, कंबर सगळं तयार होतं, विरळ हवेची सवय मात्र होत नाही.

नियम असा: ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच गावात काढायची. दिवसा त्याहून वर चढून खाली झोपायला येणं चांगलंच.

हा नियम वाटेवर बसवला की कार्यक्रम असा होतो:

१. लुक्ला (२८६०, विमान इथे उतरतं) – फाकडिंग (२६१०), जमलं तर पुढे मोंजो (२८३५)
२. नामचे बाजार (३४४०)
३. नामचेतच मुक्काम, दिवसा स्यांगबोचेवरून खुमजुंगपर्यंत जाऊन परत
४. तेंगबोचे (३८६०) किंवा थोडं खाली देबुचे
५. डिंगबोचे (४४१०)
६. डिंगबोचेतच मुक्काम, दिवसा नांगकारत्शांगच्या धारेवर जमेल तितकं चढून परत
७. लोबुचे (४९४०)
८. गोरकशेप (५१६४), तिथून बेस कॅम्प आणि परत गोरकशेप
९. पहाटे काला पत्थर (सुमारे ५५५०), मग उतरून फेरीचे
१०. नामचे
११. लुक्ला
१२. विमान

यात दोन राखीव दिवस धरा, म्हणजे लुक्ला ते लुक्ला चौदा. फाकडिंगहून नामचे ही झोपण्याच्या उंचीतली उडी ८३० मीटरची आहे, नियमापेक्षा बरीच मोठी. मोंजोला झोपलात तर ती ६०० वर येते, म्हणून पहिल्या दिवशी दोन-अडीच तास जास्त चालणं फायद्याचं. शिवाय दुसऱ्या दिवशी मोठ्या झुलत्या पुलानंतरचा नामचेचा चढ उन्हं तापायच्या आत संपतो.

तेंगबोचेहून डिंगबोचे ५५०, डिंगबोचेहून लोबुचे ५३०. दोन्ही उड्या नियमाच्या किंचित बाहेर आहेत, म्हणून मधली जादा रात्र काढून टाकायची नाही. डिंगबोचेत डोकं जड असेल तर पुढचा मुक्काम थुकला (४६२०) इथे करा आणि राखीव दिवसातला एक तिथे खर्च करा. राखीव दिवस फक्त विमानासाठी असतात असं समजू नये.

अपर्णा_ठाणे

उत्तम धागा. एका आयोजकाने दहा दिवसांचा कार्यक्रम पाठवला आहे. त्यात डिंगबोचेची जादा रात्र नाही, कारण "ग्रुप फिट असेल तर गरज लागत नाही". वय ४७, रक्तदाबाची गोळी रोज सुरू आहे. कार्यक्रम बदलून मागावा का? आणि तपासण्या कुठल्या कराव्यात?

डोंगरवाट

मागाच, ताई. फिट माणसाला उंची लागत नाही, म्हणजे उंचीचा आजार होत नाही, हा गैरसमज धोक्याचा आहे. फिट माणूस वेगाने चढतो, गटाच्या पुढे राहतो आणि लक्षणं अंगावर काढतो. कुणाला उंची लागेल हे आधी सांगणारी चाचणी नाही. त्यातल्या त्यात उपयोगी माहिती म्हणजे याआधी ३५००-४००० मीटरवर झोपल्यावर काय झालं होतं. तपासण्यांचं आपले डॉक्टर, वाटसरू_वैद्य, सांगतीलच.

वाटसरू_वैद्य

सांगतो. डोस नीट कळावेत म्हणून लिहितो आहे. प्रिस्क्रिप्शन तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

निघण्याआधी किमान दोन महिने: हिमोग्लोबिन, रक्तातली साखर, क्रिएटिनिन, रक्तदाब, ईसीजी. चाळिशीपुढे किंवा घरात हृदयविकार असेल तर स्ट्रेस टेस्ट. स्त्रियांनी फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्यावं. लोह कमी असेल तर उंचीवर लागणाऱ्या जादा तांबड्या पेशी बनवायला शरीराकडे कच्चा माल नसतो आणि लोह भरून यायला आठवडे लागतात. दोन महिने म्हणतो ते यासाठी.

विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली भागातल्या मित्रांनी सिकलसेलची तपासणी केलेली नसेल तर ती आवर्जून करावी. आजार नसून फक्त वाहक असलेल्यांनाही, म्हणजे ज्यांना एरवी काहीच त्रास नसतो त्यांनाही, उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली तीव्र कळ येऊ शकते. असं दुखलं तर पोट बिघडलं समजून थांबू नका, लगेच खाली उतरा.

रक्तदाब: गोळी बंद करायची नाही. उंचीवर पहिले काही दिवस दाब थोडा वाढतोच. मात्र गोळी कुठली आहे हे महत्त्वाचं. लघवी वाढवणारी असेल तर डायमॉक्ससोबत (उंचीच्या आजारावरची गोळी, खाली लिहिलं आहे) पाणी आणि क्षार जास्त जातात. नाडीचा वेग रोखणारी असेल तर चढावर दम लवकर लागतो. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो आणि वर गेल्यावर तो फुप्फुसाचा खोकला आहे की गोळीचा हे ठरवणं अवघड होतं. बदल करायचा असेल तर तो निघण्याआधी सहा-आठ आठवडे करून घ्या. आठवडाभर आधी नको.

मधुमेह: इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, ते अंगालगतच्या खिशात ठेवा. ग्लुकोमीटर थंडीत चुकतो किंवा बंद पडतो, त्यालाही तीच जागा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी स्वतंत्र बोलावं. कमी खाणं, कमी पाणी आणि श्रम एकत्र आले की या गोळ्यांनी रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो आणि मीटरवरची साखर त्या वेळी फार वाढलेली दिसतही नाही.

आता डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. उतरायला लागलं की बंद. त्रास सुरू झाल्यावर उपचार म्हणून २५० मिलिग्रॅम दोनदा. बोटांना-ओठांना मुंग्या येणं, लघवी वाढणं, सोडा बेचव लागणं हे अपेक्षित परिणाम आहेत, घाबरू नका. सल्फा औषधांची गंभीर ॲलर्जी झालेली असेल, मुतखड्याचा त्रास असेल किंवा जी-सिक्स-पी-डी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर आधी विचारा. घरी असताना दोन दिवस घेऊन बघा. मुंग्या कशा येतात ते ठाण्यात कळलेलं बरं, नामचेत नको.

कातळकडा

तयारीचं लिहितो. १६ आठवडे मिळाले तर उत्तम, १२ पुरतात, सहा आठवड्यांत घाई होते.

या ट्रेकला रोज पाच ते आठ तास, सलग अकरा दिवस चालायचं असतं. एका दिवसाचा पराक्रम कामाचा नाही. म्हणून आठवड्यातून तीन-चार दिवस ४५ ते ७५ मिनिटं अशा वेगाने चाला, पळा किंवा सायकल चालवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. हे कंटाळवाणं वाटतं, पण पाया यानेच पक्का होतो. रोज छाती फुटेस्तोवर पळणारे लोक वर जाऊन तोच वेग धरतात आणि दुपारी डोकं धरून बसतात.

आठवड्यातून एकदा चढ. पुणेकरांना आतकरवाडीतून सिंहगड आहेच, साधारण ६०० मीटरचा चढ. मुंबईकरांनी जिना धरावा. एक मजला तीन मीटर धरला तर वीस मजले दहा वेळा म्हणजे तेच ६०० मीटर. लिफ्टने खाली येऊ नका, उतरणंही पायीच. गुडघे मोडतात ते उतारावर. काला पत्थरहून फेरीचे आणि दुसऱ्या दिवशी थेट नामचे या दोन उतारांवर मांड्यांची परीक्षा होते. पायरीवरून एक पाय हळू खाली टेकवायचा व्यायाम, प्रत्येक पायाचे १५ चे तीन संच, आठवड्यातून दोनदा.

पाठीवर पहिल्या महिन्यात चार किलो, मग सहा, शेवटी आठ ते दहा. ट्रेकवर पोर्टर घेतला तरी स्वतःच्या पाठीवर पाणी, जॅकेट, औषधं मिळून पाच-सहा किलो राहतातच. शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस असे दोन शनिवार-रविवार करा: राजगड-तोरणा, किंवा शनिवारी बारीतून कळसूबाई आणि रविवारी रतनगड. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसे आहेत ते बघा, खरी चाचणी ती. निघण्याआधीचे दहा दिवस सराव निम्म्यावर आणा.

मुसाफिर_नाशिक

कातळकडा, बुटांबद्दलही लिहा ना. जुने बूट आहेत, चारेक वर्षं वापरले नाहीत, दिसायला नवेच. चालतील?

कातळकडा

आधी तपासा. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या तळव्याचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत तो आतून कुजतो, आणि वापरला नाही तर जास्तच, कारण चालताना दाबाने ओल बाहेर पडते ती कपाटात पडत नाही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात चार वर्षं पडून असलेला बूट वरून कोरा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी तळवा सोलून निघतो.

तपासायची पद्धत: तळव्याच्या बाजूच्या थरावर अंगठ्याचं नख दाबा. खूण तशीच राहिली, बारीक भेगा दिसल्या किंवा चुरा हाताला लागला तर तो बूट बाद. तसं काही नसेल तरी वजन घेऊन २० किलोमीटर चालून बघा. सोबत रुंद चिकटपट्टी पाण्याच्या बाटलीला गुंडाळून ठेवा आणि चार केबल टाय घ्या. सुटलेला तळवा नामचेपर्यंत यांवर जातो, नामचेत बूट विकत मिळतात.

नवीन घेणार असाल तर संध्याकाळी, जाड मोजे घालून घ्या. नाडी सैल ठेवून पाय पूर्ण पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट गेलं पाहिजे. दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावर उभं राहा. अंगठा टोकाला टेकला तर तो बूट उताराला नखं काळी करणार. निघायच्या आधी ६०-८० किलोमीटर चालून घ्या. नखं दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री कापली तर कडा टोचतात.

सोनकी

डायमॉक्सबद्दल वेगळं मत मांडते. गोळी घेतली की लोक बेफिकीर होतात. बरेच अनुभवी गिर्यारोहक घेत नाहीत. त्यापेक्षा लसणाचं सूप, कापराची पुडी आणि कोका ३० हे होमिओपॅथीचं औषध आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय. नैसर्गिक मार्गाने जुळवून घेणं चांगलं नाही का?

वाटसरू_वैद्य

सोनकी ताई, बेफिकिरीच्या मुद्द्याशी सहमत. गोळी घेऊन मुक्काम गाळणार असाल तर गोळी घेऊ नका. वर दिलेला बारा दिवसांचा कार्यक्रम पाळणाऱ्या आणि पूर्वी त्रास न झालेल्या माणसाला ती घेतलीच पाहिजे असं नाही. पूर्वी उंची लागलेली असेल किंवा कार्यक्रम आखूड असेल तर घ्यावी. डायमॉक्स लक्षणं झाकत नाही. ती मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकून रक्त किंचित आम्ल करते, त्यामुळे श्वास खोल आणि वारंवार होतो. शरीर चार दिवसांत जे करणार असतं त्याला ती गती देते, आणि रात्री श्वास अडकून दचकून जाग येण्याचं प्रमाणही कमी करते.

लक्षणं झाकणारं औषध वेगळं: डेक्सामेथासोन. ते घेऊन बरं वाटलं म्हणून वर चढणं फार घातक आहे. ते खाली उतरण्यासाठीच.

लसणाचं सूप खुशाल प्या, गरम पातळ काहीही पोटात जाणं चांगलंच. कापूर हुंगल्यावर नाकात थंडावा लागतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन एका टक्क्यानेही वाढत नाही. आणि कापूर पोटात गेला तर विष आहे, लहान मुलं सोबत असतील तर पुडी ठेवूच नका. कोका ३० ने उंचीचा आजार टळतो असा पुरावा नाही. कुणी श्रद्धेने घेतलं तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती "घेतलंय ना, मग डोकं दुखतंय ते उन्हाने" या समजुतीला. ३००० मीटरच्या वर डोकेदुखी ही उंचीचीच, दुसरं कारण पक्कं कळेपर्यंत.

सोनकी

हे पटलं. दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे हलके डबे? आमच्या ग्रुपमध्ये माणशी दोन घ्यायचं चाललंय.

वाटसरू_वैद्य

नको. त्या डब्यात थोडे लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटर या उपचाराच्या वेगाने सोडला तर पाच-दहा मिनिटांत संपतो. आजारी माणसाला तासन् तास लागतो. त्या पैशांत गटासाठी एक खरा सिलिंडर, रेग्युलेटर आणि मास्क गाइडकडे असेल असं बघा, आणि रेग्युलेटर त्याच सिलिंडरला बसतो का हे काठमांडूत जोडून बघा.

गडवाट_७७

वाचनखूण साठवली. पल्स ऑक्सिमीटरवर किती आकडा आला की परत फिरायचं?

वाटसरू_वैद्य

एकट्या आकड्यावरून ठरवू नका. गोरकशेपला ७५ ते ८५ हे चांगल्या माणसांतही दिसतं. गार बोट, नेलपॉलिश, थरथरणारा हात यांनी आकडा खोटा येतो. हात काखेत पाच मिनिटं गरम करून, बसून, एक मिनिट स्थिर होऊ देऊन वाचा आणि रोज एकाच वेळी वाचा. गटातल्या बाकीच्यांपेक्षा एखाद्याचा आकडा बराच खाली असेल, किंवा त्याचाच कालच्यापेक्षा खूप पडला असेल, तर त्या माणसाकडे नीट बघा.

त्यापेक्षा रोज संध्याकाळी चार प्रश्न विचारा: डोकं दुखतंय का, मळमळ-भूक कशी आहे, थकवा किती, चक्कर येते का. प्रत्येकाला ० ते ३ गुण. डोकेदुखी आहे आणि बेरीज ३ किंवा जास्त, तर तो उंचीचा आजार. ३ ते ५ असेल तर त्याच जागी थांबा, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्या, उद्या वर नाही. ६ किंवा जास्त झाली किंवा थांबूनही वाढत राहिली तर खाली. झोप नीट लागली नाही हा प्रश्न जुन्या यादीत होता. २०१८ च्या सुधारित पद्धतीत तो काढला आहे, कारण उंचीवर झोप सगळ्यांचीच उडते.

डोंगरवाट

डॉक्टर, लोबुचेतल्या रात्रीचं सविस्तर लिहाल का? गट अडखळतात ते तिथेच. उद्या बेस कॅम्प, सगळ्यांनी पैसे भरलेले, आणि एकाला रात्री त्रास सुरू.

वाटसरू_वैद्य

लिहितो. हे छापून गटातल्या प्रत्येकाने खिशात ठेवावं.

मेंदूला सूज आली की माणूस आधी गप्प होतो, चिडचिडा होतो, जेवण नाकारतो, बुटाची नाडी बांधता येत नाही. तो स्वतः "मी ठीक आहे" म्हणतो, कारण निर्णय घेणारा अवयवच बिघडलेला असतो. म्हणून चाचणी दुसऱ्याने घ्यायची. लॉजच्या बोळात फळीच्या रेषेवर मागच्या पायाच्या चवड्याला पुढच्या पायाची टाच लावत दहा पावलं चालायला सांगा. आधी स्वतः चालून दाखवा. तो रेषेबाहेर पडला, भिंतीला हात लावला किंवा वळताना झोकांडी गेली, तर मेंदूची सूज धरून चाला. थकवा, थंडी, अर्धवट झोप यावर ढकलू नका.

फुप्फुसात पाणी झालं तर चित्र वेगळं. बहुधा नवीन उंचीवर पोचल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या रात्री. चढावर सगळ्यांना दम लागतो, पण हा माणूस बसलेला असतानाही धापा टाकतो, उताणं झोपवत नाही, ओठ-नखं निळसर, आधी कोरडा खोकला आणि उशिरा फेसाळ गुलाबी थुंकी. छातीला कान लावला तर चुरचुर ऐकू येते. डोकेदुखी असेलच असं नाही.

दोन्हींत उपाय एकच: खाली, आत्ता. सकाळची वाट बघायची नाही. हेलिकॉप्टर रात्री आणि ढगांत येत नाही, त्यामुळे पहाटे येईल या आशेवर रात्र काढणं म्हणजे आठ तास गमावणं. लोबुचेहून थुकला उतरून फेरीचे गाठलं तर सहाशेच्या आसपास मीटर उंची कमी होते. कमीत कमी ३०० मीटर, शक्यतो १००० उतरायचं. सोबत गाइड आणि आणखी एक धडधाकट माणूस, तिघांकडे हेडलाइट. रुग्णाची पाठपिशवी दुसऱ्याकडे. फुप्फुसाचा रुग्ण असेल तर त्याला चालवण्यापेक्षा उचलून किंवा घोड्यावर नेणं बरं, कारण श्रमाने पाणी वाढतं. अंग गरम ठेवा, थंडीनेही वाढतं.

औषध: मेंदूसाठी डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम लगेच, मग दर सहा तासांनी ४. फुप्फुसासाठी हळू विरघळणारी निफेडिपिन ३० मिलिग्रॅम दर १२ तासांनी. पूर्ण शुद्ध आणि गिळता येत असेल तरच तोंडाने द्या. सिलिंडर असेल तर लावा. हवाबंद पिशवी, म्हणजे रुग्णाला आत झोपवून पायपंपाने दाब वाढवायची, उपलब्ध असेल तर ती उतरणं अशक्य असतानाच्या वेळेसाठी. आतल्या माणसाला ती दीड-दोन हजार मीटर खाली नेल्यासारखी असते, पण बाहेर काढल्यावर तासाभरात त्रास परत येऊ शकतो.

आजारी माणसाला एकट्याला कधीच खाली पाठवू नका, आणि खोलीत एकटं झोपवूही नका. झोपेच्या गोळ्या आणि दारू नकोच, दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

अपर्णा_ठाणे

हे असं कुठेच एकत्र वाचलं नव्हतं. धन्यवाद, डॉक्टर.

गडवाट_७७

+१. फेरीचेत दवाखाना आहे ना?

डोंगरवाट

आहे. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा, वसंत आणि शरद हंगामात सुरू असतो, दुपारी उंचीच्या आजारावर माहिती देतात. डिंगबोचेत थांबणाऱ्यांनी सहाव्या दिवशी धार ओलांडून तिकडे जाऊन यावं, त्या दिवसाचा याहून चांगला उपयोग नाही. खुमजुंगजवळ खुंदेला एडमंड हिलरींनी १९६६ मध्ये सुरू केलेलं रुग्णालय आहे. नामचेच्या मुक्कामाच्या दिवशी ते कुठे आहे बघून ठेवा.

हिमरेषा

पाणी आणि सामानाबद्दल थोडं.

दिवसाला तीन ते चार लिटर, सूप-चहा धरून. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. पाच-सहा लिटर नुसतं पाणी ढोसणारे रक्तातलं मीठ पातळ करून घेतात, मग डोकेदुखी आणि मळमळ सुरू होते आणि ती उंचीची समजली जाते. एक लिटर ओआरएस असू द्या. गोरकशेपला पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं, तरी उकळी आली की जंतू मरतात. क्लोरिनच्या गोळीला गार पाण्यात अर्ध्या तासाऐवजी तासभर द्या. नळीचे फिल्टर एकदा गोठले की आतल्या बारीक नळ्या फुटतात आणि बाहेरून कळत नाही. रात्री फिल्टर, फोन, पॉवरबँक, कॅमेऱ्याची बॅटरी सगळं स्लीपिंग बॅगच्या आत पायाशी घ्या.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात. 'कम्फर्ट' बघा, 'लिमिट' नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कम्फर्ट उणे १० ची घ्या, लॉजची रजई वरून. काला पत्थरला पहाटे वाऱ्यात पातळ हातमोज्यांवर जाड मिटन लागतात, नुसती बोटांची जोडी पुरत नाही. सुती बनियन घरी ठेवा. घाम सुकत नाही आणि थांबल्यावर तोच गारठा देतो. गॉगल श्रेणी ३ चा चालतो, पण ताजा बर्फ पडला तर श्रेणी ४ चाच. बर्फावरून परतलेल्या किरणांनी डोळे संध्याकाळी वाळू गेल्यासारखे खुपतात आणि दिसेनासं होतं. नाकातोंडावर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) पहिल्या दिवसापासून. कोरड्या गार हवेने लागणारा खोकला एकदा बसला की उतरेपर्यंत जात नाही, बरगडी दुखेपर्यंत खोकतात लोक.

खाणं: नामचेच्या वर मांस टाळा. त्या भागात जनावर मारत नाहीत, मांस खालून दिवस-दिवस पाठीवर येतं. डाळ-भात-भाजी सगळ्यात सुरक्षित. भूक मरते, म्हणून चवीचं थोडं घरचं घ्या: मेतकूट, लिंबाचं लोणचं, तिळाची चिक्की, खजूर. नवरात्रात जाणाऱ्यांना कळकळीची विनंती, उपवास करत चढू नका. कमी पिष्ट आणि कमी पाणी यांनी लक्षणं वाढतात.

याक-झोप्के (झोप्के म्हणजे याक आणि गाय यांचा संकर) समोरून आले की डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या नाही. पाठीवरच्या सिलिंडरचा नुसता धक्का पुरतो. जनावरं पुलावर असताना पुलावर पाऊल टाकू नका.

मुसाफिर_नाशिक

विमा आणि लुक्लाचं विमान? आणि ऑक्टोबर जास्त सुरक्षित की मे?

डोंगरवाट

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ, पण बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं त्याच दिवसांत येतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुडहुड विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी त्याच्या उरलेल्या जोरावर अन्नपूर्णा भागात थोरोंग ला खिंडीच्या आसपास हिमवादळ झालं, ४० हून अधिक माणसं दगावली. म्हणून उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र असल्याची बातमी मुंबईत ऐकली तरी ती आपल्या कामाची धरा. बर्फ पडत असताना डिंगबोचे-लोबुचे टप्पा चालायचा नाही, लॉजमध्ये थांबायचं. मे मध्ये थंडी कमी, पण दुपारी ढग आणि शेवटच्या आठवड्यात मान्सूनपूर्व गडबड.

हंगामात लुक्लाची बरीच उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथलीहून होतात. काठमांडूहून मध्यरात्री निघून चार-पाच तास गाडी, मग विमान, मग चालणं. शक्य असेल तर आदली रात्र मंथलीत झोपा, ट्रेकची सुरुवात जागरणाने नको. सामान हातातलं धरून १५ किलो. परतीच्या विमानानंतर मुंबईच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र.

विमा घेताना तीन ओळी शोधा: ट्रेकिंग किती मीटरपर्यंत (६००० पाहिजे), हेलिकॉप्टर धरलंय का, आणि उड्डाणाआधी कंपनीची परवानगी लागते का. साध्या प्रवासविम्यात ट्रेकिंग 'साहसी खेळ' म्हणून वगळलेलं असतं. चोवीस तासांचा नंबर गाइडकडेही द्या. आणि किरकोळ डोकेदुखीला कुणी हेलिकॉप्टरचा आग्रह धरला तर आधी विमा कंपनीशी बोला. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत विम्याच्या पैशांसाठी विनाकारण उड्डाणं केल्याचे प्रकार समोर आले होते.

अपर्णा_ठाणे

आयोजकाने नवा कार्यक्रम पाठवला. डिंगबोचेला दोन रात्री, लुक्ला ते लुक्ला अकरा दिवस, नंतर एक राखीव. आठव्या दिवशी गोरकशेप, बेस कॅम्प आणि लगेच परत लोबुचे. काला पत्थर "ऐच्छिक". ठीक आहे का?

डोंगरवाट

बराच सुधारला. लोबुचेला परत येणं उलट चांगलं, गोरकशेपची रात्र टळते. पण तो दिवस आठ-नऊ तासांचा होतो, म्हणून पहाटे पाचला निघायचं आणि दुपारी एकपर्यंत बेस कॅम्पला पोचला नाहीत तर तिथूनच मागे वळायचं, हे आधी ठरवून घ्या. राखीव दिवस एकच आहे, तो दोन करून मागा.

आणखी चार गोष्टी विचारा. किती माणसांमागे एक गाइड? सहाच्या वर नको. एकाला खाली न्यायची वेळ आली तर बाकीच्यांसोबत कोण राहणार? सिलिंडर आणि डेक्सामेथासोन कुणाच्या पिशवीत असेल? पोर्टरचा विमा, बूट आणि गरम कपडे कोण देणार? पोर्टर बहुधा खालच्या खोऱ्यांतले असतात, उंची त्यांनाही लागते, आणि नोकरी जाईल या भीतीने ते सांगत नाहीत. संध्याकाळचे चार प्रश्न त्यांनाही विचारायचे.

उत्तरं फोनवर घेऊ नका. ईमेलवर लेखी मागा आणि ती आल्यावरच पैसे भरा.